डोर्नकलचे बिशप अझरिया, कोणी नाव ऐकलंय का?

मिरचीवाला

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच एवढा मोठा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी नागपूरचा, मिरचीचा धंदा, त्यामुळे सीझनला खम्ममच्या यार्डात दोनतीन चकरा ठरलेल्या. गेल्या फेब्रुवारीत परत येताना गाडी डोर्नकल जंक्शनला जी उभी राहिली ती राहिलीच, पुढे मालगाडीचं काहीतरी झालं होतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे स्टेशन झोपेत पार केलं असेल. काजीपेट-विजयवाडा लाइनवर आहे, इथून एक फाटा कोळशाच्या खाणींकडे जातो, बाकी बघण्यासारखं काही नाही असाच माझाही समज होता. चहावाला म्हणाला तीन तास तरी काही हलत नाही, चर्च बघून या की.

ऑटोने गेलो. लांबून घुमट आणि मिनार दिसले तसं मी ऑटोवाल्याला म्हटलं अरे दर्गा नको बाबा, चर्च. तो हसला, म्हणाला येईच है. जवळ गेलो तर खांब देवळाच्या सभामंडपात असतात तसे, कमळं काढलेली, आणि वर क्रूस. म्हंजे मशीद, देऊळ आणि चर्च एकाच अंगणात नाही तर एकाच इमारतीत. दारात पाय आपोआप चपला काढायला थांबले, कोणी सांगितलं नव्हतं.

हे कोणाच्या डोक्यातून आलं म्हणून घरी येऊन वाचत बसलो आणि दोन महिने तेच वाचतोय, बायको म्हणते मिरचीचे भाव तरी बघा.

तर हे वेदनायगम सॅम्युएल अझरिया. जन्म १७ ऑगस्ट १८७४, गाव वेल्लालनविलई, तेव्हाचा तिरुनेलवेली जिल्हा, पार खाली दक्षिणेला. वडील खेड्यातले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. जात नाडर, म्हणजे ताडावर चढून रस काढणाऱ्यांची, ज्यांना तेव्हा देवळाची पायरी चढायची बंदी होती. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले पण ऐन बीएच्या परीक्षेच्या वेळी आजारी पडले आणि डिग्री राहिली ती राहिलीच (पुढे १९२० मध्ये केंब्रिजने मानाची डॉक्टरेट दिली तो भाग वेगळा). १८९५ पासून वायएमसीएची (ख्रिस्ती तरुणांची संघटना) फिरतीची नोकरी. १९०२ ला लंकेत जाफन्याला गेले, तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या खिशातून पैसे काढून बाहेर प्रचारक पाठवतात हे बघितलं आणि लाज वाटली की आपण मात्र गोऱ्या साहेबाच्या पैशाची वाट बघत बसतो. परत येऊन १९०३ च्या फेब्रुवारीत तिरुनेलवेलीच्या लोकांची इंडियन मिशनरी सोसायटी काढली, आणि १९०५ च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) नॅशनल मिशनरी सोसायटी. माणसं आपली, पैसा आपला, कारभार आपला असा एकंदर खाक्या.

तिरुनेलवेलीच्या सोसायटीने काम करायला निवडलेला भाग म्हणजे हे डोर्नकल, निजामाच्या राज्यातला, तेलुगू मुलूख. अझरिया सोसायटीचे सेक्रेटरी. पण दुसऱ्यांना जा म्हणायचं आणि आपण मद्रासला बसायचं हे काही त्यांना पटेना, म्हणून १९०९ मध्ये नोकरी सोडली, पाळकाची दीक्षा घेतली आणि पस्तिसाव्या वर्षी बायकोमुलांना घेऊन तिथे जाऊन राहिले. सुरुवातीला तंबूत. तेलुगू अक्षर ओळखीचं नाही, पाटी घेऊन पहिलीपासून सुरुवात.

आणि २९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना बिशप केलं. पहिला भारतीय अँग्लिकन बिशप. वय ३८. हे सहज झालं असं समजू नका, बऱ्याच इंग्रज मिशनऱ्यांचा विरोध होता, नेटिव्ह माणसाच्या हाताखाली आम्ही काम करायचं का हा सरळ प्रश्न होता, काही भारतीय ख्रिस्तीसुद्धा विरोधात होते. मद्रासचे बिशप व्हाइटहेड मागे ठाम उभे राहिले म्हणून जमलं. त्यातही गंमत बघा, डायोसिस, म्हणजे बिशपच्या ताब्यातला मुलूख, दिला तो सुरुवातीला एवढासा, जिथे इंग्रज मिशनरी जवळजवळ नव्हतेच, म्हणजे कोणाची अडचण नको. पुढे १९२० च्या सुमारास तो वाढवून कृष्णेच्या खोऱ्यापर्यंत नेला तेव्हा मात्र इंग्रजांना त्यांच्या हाताखाली काम करावंच लागलं. आणि १९४५ मध्ये वारले तोपर्यंत, बत्तीस वर्षं, स्वतःचा डायोसिस असलेला दुसरा भारतीय अँग्लिकन बिशप झाला नाही. त्या बत्तीस वर्षांबद्दल कोणीच नीट बोलत नाही हीच माझी तक्रार आहे. जो तो 'पहिला भारतीय बिशप' म्हणतो आणि पुढे जातो. अरे पण तो माणूस बैलगाडीत बसून करत काय होता?

ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

अनुराधा_व

वाचतेय. छान लिहिताय, बायकोकडे दुर्लक्ष करा (करू नका).

एक बेसिक शंका, बायकोमुलांना घेऊन गेले म्हणताय आणि बिशपही झाले. बिशपला लग्न चालतं? आमच्या वसईकडे तर नाही.

नगरी_पोरगा

अनुराधाताई, वसईचे कॅथलिक. त्यांच्यात फादर-बिशप अविवाहित. अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडवाले, आठव्या हेन्रीच्या वेळी पोपपासून फुटलेले, त्यांच्यात पाळक काय, बिशप काय, संसार करू शकतात. अझरियांच्या पत्नीचं नाव अन्बू, तमिळमध्ये अन्बू म्हणजे प्रेम. १८९८ चं लग्न. आणि नुसत्या बिशपच्या बायको नव्हत्या, पाळक व्हायला येणारी माणसं डोर्नकलला बायकापोरांसकट राहायला यायची, त्या बायकांना लिहावाचायला शिकवायचं काम त्या करायच्या, कारण खेड्यात पाळकाच्या बायकोला जे येतं तेच गावातल्या बायकांपर्यंत जातं.

मी स्वतः नगरचा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती, आमचं मूळ अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे अँग्लिकन नाही. पण अझरियांचं नाव घरात ऐकलेलं, आजोबा पाळक होते. मराठी बायबलात हे नाव 'अजऱ्या' असं येतं, दानिएलाच्या पुस्तकात, त्यामुळे आजोबा 'बिशप अजऱ्या' म्हणायचे आणि मला लहानपणी वाटायचं हा बायबलातलाच कोणीतरी आहे.

मिरचीवाला

वा, अजऱ्या! हे माहीत नव्हतं.

हां तर बैलगाडी. त्या भागात जे लोक ख्रिस्ती होत होते ते बहुतेक सगळे माला आणि मादिगा, गावकुसाबाहेरचे, आपल्याकडचे महार-मांग समजा ढोबळमानाने. शेतमजूर, सावकाराच्या वहीत पिढ्यानपिढ्या अडकलेले. एखाद्या वाड्यातले दोनचार म्हातारे ठरवायचे आणि सगळा वाडा एकदम नाव नोंदवायचा, एकेकटा माणूस येतोय असं नाही. मग तिथे एक शिक्षक पाठवायचा, तो रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांनाही शिकवणार, बाप्तिस्मा लगेच नाही, आधी शिक्षण. अझरियांचा वर्षाचा बराच काळ या खेड्यांच्या फेऱ्यांत जायचा. ते म्हणायचे डोर्नकलची चार भुतं आहेत, घाण, रोगराई, कर्ज आणि दारू. यातलं देवाधर्माचं एकही नाही हे मला फार आवडलं.

पैशाचं तर विशेष. पैसा बाहेरून आला की मंडळी कायमची मिंधी होते हे त्यांचं ठाम मत, त्यामुळे ज्याच्या घरात संध्याकाळच्या जेवणाची खात्री नाही त्यालाही ते द्यायला लावायचे. ऐपत नाही हे कारण चालायचं नाही. देतो कसा? मूठभर तांदूळ. घरची बाई चूल पेटवताना भाताचे तांदूळ मोजून घेणार आणि त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकणार, रोज, आणि ते मडकं चर्चला जाणार. धंदेवाला माणूस म्हणून सांगतो, हे गणित जबरदस्त आहे, एक मूठ कोणाला जाणवत नाही आणि शंभर घरांच्या वर्षाच्या मुठी म्हणजे पोत्यांच्या पोती.

तेलुगू_सासर

अहो थांबा थांबा!! मी माहेरची सोलापूरची, सासर विजयवाड्याजवळ, सासरचे लोक सीएसआय, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाचे ख्रिस्ती (आमचं लव्ह मॅरेज, तो धागा वेगळा काढावा लागेल). 'पिडिकेडु बिय्यम' म्हणतात त्याला. पिडिकेडु म्हणजे मूठभर, बिय्यम म्हणजे तांदूळ. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ काढून वेगळी टाकायच्या, मला वाटलं मुंग्यांना की चिमण्यांना घालतात. एक वर्ष मी ते मूठभर तांदूळ चिमण्यांना घालत होते, सासूबाई रोज शोधायच्या की मडकं भरत का नाही.

याचा आणि तुमच्या बिशपचा संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झेंडूची_फुलं

चिमण्या =))))

जुनं_खोड

मूठभर धान्यावरून आपले कर्मवीर आठवले. रयतचा मुष्टिफंड. बहुजनांच्या पोरांच्या वसतिगृहासाठी गावोगाव मुठी गोळा करायचे. १९१९ ला रयत सुरू झाली, म्हणजे काळ साधारण तोच. एकमेकांचं बघून केलं असं म्हणत नाही मी, गरिबाकडून घ्यायचं म्हटलं की मूठच घ्यावी लागते, दोघांनाही तेच सुचलं. वारकरी आणि भिक्षेकरी तर शेकडो वर्षं मुठीवर जगलेत.

शंकासुर

सगळं छान चाललंय म्हणून मीच जरा मिठाचा खडा टाकतो. शेवटी धर्मांतरच ना हे? गरीब, अडाणी, कर्जबाजारी लोकांना पकडायचं, शाळा दवाखाना दाखवायचा आणि नाव बदलायचं. वर घुमट मिनार कमळ लावून 'आम्ही तुमचेच' म्हणायचं. गांधीजींचाही याला विरोध होता हे धागाकर्त्याने सोयीस्कर गाळलं की राहून गेलं?

मिरचीवाला

गाळलं नाही हो, अजून तिथे पोचलोच नव्हतो. प्रश्न रास्त आहे.

गांधीजी आणि अझरिया यांचा वाद झालाच, १९३६-३७ च्या सुमारास जोरात, 'हरिजन'मधून गांधीजींनी मिशनऱ्यांच्या दलितांमधल्या कामावर कडक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण तुमचंच, की ज्याला धर्म समजायची फुरसत नाही त्याला धर्म बदलायला लावणं म्हणजे त्याच्या भुकेचा फायदा घेणं. अझरियांचं उत्तर असं की गरिबाला आपलं भलंबुरं कळत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत. आता मला विचाराल तर गांधीजींचा मुद्दा मला पूर्ण खोटा वाटत नाही, शाळा आणि देव एकाच हाताने वाटला की संशय येणारच. पण त्या मजुराला काहीच अक्कल नाही असं धरून चाललेलं त्यात आहे, ते मला टोचतं. माझ्याकडे मिरचीची देठं खुडायला येणाऱ्या बायका वर्षानुवर्षं बघतोय, कोण आपल्याला फसवतंय आणि कोण नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

आणखी एक, हे वाचून मी जरा चाटच पडलो. १९३२ ला इंग्रजांनी जातवार धर्मवार मतदारसंघ वाटले तेव्हा ख्रिस्त्यांनाही वेगळे दिले, आणि अझरिया त्याच्या विरोधात उभे राहिले. आपल्या लोकांना आयत्या जागा मिळत होत्या त्या नको म्हणाले! कारण उघड आहे, बाप्तिस्मा म्हणजे एक मत इकडून तिकडे गेलं असा हिशोब सुरू झाला की प्रत्येक धर्मांतराकडे राजकारण म्हणूनच बघणार. त्याच निवाड्याविरुद्ध (दलितांच्या वेगळ्या जागांपुरता) गांधीजी तेव्हा येरवड्याला उपोषणाला बसले होते. म्हणजे मतदारसंघाबद्दल दोघे एका बाजूला, धर्मांतराबद्दल समोरासमोर.

शंकासुर

मतदारसंघाचं माहीत नव्हतं. तेवढ्यापुरता खडा परत घेतो. बाकीचा ठेवतो.

गोदाकाठचा

नांदेडहून हजेरी. मिरचीवालेसाहेब, एक गोष्ट तुम्ही ओझरती सांगितलीत ती मला महत्त्वाची वाटते, हे निजामाच्या राज्यात चाललं होतं. म्हणजे आमचा मराठवाडा आणि ते डोर्नकल एकाच संस्थानात, १७ सप्टेंबर १९४८ दोघांचीही सुटका एकाच दिवशी. आता चित्र डोळ्यापुढे आणा, राजा मुसलमान, गावातले जमीनदार हिंदू, वर रेसिडेन्सीत इंग्रज, चर्चची गादी कलकत्त्याला आणि हा तमिळ माणूस तेलुगू शिकून मादिगांच्या वाड्यात बसलाय. याचं परकेपण सगळ्यांच्या बाजूने. आमच्याकडे आजही लग्नात उर्दू, तेलुगू, मराठी तिन्ही भाषा चालतात म्हणून मला त्या इमारतीचं बिलकुल नवल वाटत नाही. घुमट, मंडप, क्रूस, हे शंकासुर म्हणतात तसं मार्केटिंग असेलही, पण त्या भागातल्या गवंड्याला तेच बांधता येत असणार हेही लक्षात घ्या.

मिरचीवाला

गोदाकाठचा, त्यात अझरियांचा हट्टही होता. भारतीय माणसाने गुडघे टेकायचे तर इंग्लंडातल्या गॉथिक टोकदार दगडापुढे कशाला? बांधायला पंचवीसेक वर्षं गेली, पैसे यायचे तसं काम. ६ जानेवारी १९३९ ला, म्हणजे ज्ञानी पुरुष तारा बघत बाळ येशूच्या भेटीला आले तो एपिफनीचा सण, त्या दिवशी प्रतिष्ठापना झाली आणि नावही तेच, एपिफनी कॅथेड्रल. पूर्वेकडची माणसं देवाला भेटायला आली तो दिवस निवडणं हे काही उगाच नसावं.

अनुराधा_व

मला ते एडिंबराचं भाषण हवंय. कुठेतरी एक ओळ वाचलेली, आम्हाला मित्र द्या अशी काहीतरी. तेच का हे?

नगरी_पोरगा

तेच हे. १९१० चा जून, एडिंबरा, जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची परिषद. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी आणि त्यात आशियातले वीससुद्धा नाहीत. अझरिया तेव्हा बिशप नव्हते, डोर्नकलला जाऊन वर्ष झालेलं. विषय दिला होता परदेशी आणि देशी कामगारांमधलं सहकार्य. सगळ्यांना वाटलं आभाराचं गोड भाषण होईल. ते उभे राहिले आणि म्हणाले की आपल्यात मैत्रीच नाही, साहेब आणि नोकर असं नातं आहे, वर्षानुवर्षं एकत्र काम करणारे तुम्ही आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. सभागृहात चुळबूळ. आणि शेवट असा, शब्द इकडेतिकडे होतील पण आशय हा: तुम्ही आपलं धन गरिबांना खाऊ घालायला दिलंत, आपली शरीरं जाळायला दिलीत, आम्हाला प्रेमही हवंय, आम्हाला मित्र द्या.

आता यातली मेख ख्रिस्ती माणसाला चटकन कळते, बाकीच्यांना सांगावी लागेल. हे पौलाच्या पत्रातलं आहे, पहिलं करिंथ, तेरावा अध्याय, आमच्याकडे लग्नात वाचतात. मी आपलं सगळं धन अन्नदानाला दिलं, शरीर जाळायला दिलं, पण प्रीती नसेल तर मला काही लाभ नाही. म्हणजे वरवर स्तुती करत करत त्यांच्याच शास्त्रातून त्यांनाच सांगितलं की तुमच्या एवढ्या त्यागाचा लाभ शून्य. आजोबा हा भाग सांगताना टेबलावर हात आपटायचे.

झेंडूची_फुलं

बापरे. जून १९१० मध्ये, साहेबांच्या घरात उभं राहून, साहेबाच्या भाषेत. आणि दोन वर्षांनी त्यांनाच बिशप करावं लागलं.

जुनं_खोड

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचंही असंच झालं की. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या मोठमोठ्या लोकांशी भांडण, मी माझ्या अकलेने वाचीन, तुम्ही सांगाल ते मुकाट्याने मानणार नाही. फरक एवढाच की बाई चौकट सोडून केडगावला आपलं वेगळं उभं करायला गेल्या आणि हे चौकटीत राहून तिचे खिळे काढत बसले. टिळकही तसेच, ना. वा. टिळक. अभंग, कीर्तन, शेवटी 'देवाचा दरबार', ख्रिस्ताला मराठी पेहराव घालायची धडपड. अझरियांच्या खेड्यांत तेलुगू चालींवरची गाणी आणि सुगीचा सण, टिळकांचं नगरला टाळ-वीणा. दोघे समकालीन, दोघांची तगमग एकच.

नगरी_पोरगा

जुनं_खोड, +१००. सुगीचा सण आमच्याकडेही अजून होतो. लोक घरचा भोपळा, कोंबडी, बाजरीचं पोतं आणतात, उपासनेनंतर अंगणात लिलाव. गेल्या वर्षी एका भोपळ्यावरून दोन चुलत भावांत चढाओढ लागली, चाळीसचा भोपळा साडेसहाशेला गेला, घेणाऱ्याच्या बायकोचं तोंड बघण्यासारखं होतं.

पण एक कडू गोष्ट इथे सांगायचीच आहे. जात गेली असं समजू नका. मी एका गावात (नाव घेत नाही) दोन ख्रिस्ती आळ्यांना एकमेकांच्या मयतीला न जाणारं बघितलंय, कारण मूळ जात वेगळी. अझरियांनाही हेच नडलं, माला आणि मादिगा एका बाकावर बसेनात, एकमेकांकडचा पाळक चालेना. ते आयुष्यभर त्यावर डोकं आपटत राहिले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने सगळं धुतलं जात नाही हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं होतं.

भीमाची_लेक

इतके दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही. येवल्याच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या घोषणेनंतर, हिंदू म्हणून मरणार नाही म्हटल्यावर, सगळ्या धर्मांचे लोक बाबासाहेबांकडे यायला लागले. त्यात अझरियांची भेट झाल्याचा किस्सा सांगतात. बाबासाहेबांनी दोन प्रश्न विचारले म्हणे. आम्ही ख्रिस्ती झालो तर देशात कुठेही गेलो तरी सगळे एकाच चर्चमध्ये राहू का? आणि तिथे जात आडवी येणार नाही ना? अझरियांना दोन्हींना हो म्हणता आलं नाही आणि ते मान खाली घालून परतले.

एरवी धर्मगुरू म्हटलं की थाप मारायला काय जातं, हो म्हणून टाकायचं. नाही म्हणाले याबद्दल मला त्या माणसाचा आदर वाटतो. आणि आम्ही तिकडे गेलो नाही याचंही बरं वाटतं, दोन्ही एकदम.

अवांतर पण महत्त्वाचं: १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंमध्ये, मग १९५६ ला शीख, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेर. म्हणजे त्या माला-मादिगांच्या नातवंडांना गावात जात आहे, कागदावर नाही.

तेलुगू_सासर

हे अगदी खरं. नवऱ्याच्या चुलत भावाने कागदावर एक आणि रविवारी एक अशी दोन नावं ठेवलीत. घरात कोणी त्याला नाव ठेवत नाही.

मिरचीवाला

भीमाची लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यातला पहिला प्रश्न, एकाच चर्चचा, त्याच्यावर तर या माणसाचं निम्मं आयुष्य गेलंय. एका तालुक्यात अँग्लिकन, शेजारी बाप्टिस्ट, पलीकडे मेथडिस्ट, युरोपातली भांडणं ज्यांनी कधी ऐकली नाहीत त्या मजुरांनी ती वाटून घेतलेली. १९१९ च्या मे महिन्यात तरंगमबाडीला, म्हणजे ट्रांकेबारला, वेगवेगळ्या पंथांचे पाळक जमले, जवळपास सगळे भारतीय, आणि एक व्हायचं ठरवलं, त्यात अझरिया पुढे. मग अठ्ठावीस वर्षं नुसत्या वाटाघाटी! बिशप असावा की नसावा, असला तर जुन्या पाळकांची दीक्षा धरायची की परत द्यायची, वाचताना माझं डोकं गरगरलं. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा बऱ्या. शेवटी २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, तेच हे सीएसआय, तेलुगू_सासर ताईंच्या सासरचं. बघायला अझरिया नव्हते, १ जानेवारी १९४५ ला डोर्नकललाच गेले.

आणि उत्तरेकडचं एकीकरण, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ते कुठे झालं माहितीये? नागपूरला! २९ नोव्हेंबर १९७०, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. मी त्या आवारावरून रोज स्कूटर नेतो. पन्नास वर्षांचा झालो, आज कळलं.

नगरी_पोरगा

आमचं नगरचं चर्च त्याच दिवशी सीएनआय झालं. बघा, फिरून घरातच आलं सगळं.

शंकासुर

आकडे काय सांगतात? म्हणजे इतकं करून लोक वाढले किती?

मिरचीवाला

१९१२ ला त्या सगळ्या टापूत पन्नास-साठ हजार होते ते १९४१ पर्यंत सव्वादोन लाखांवर. त्या एका खेडवळ डायोसिसमध्ये अँग्लिकन ख्रिस्ती जितके झाले तितके चीन, जपान, कोरिया मिळून नव्हते. आणि १९३० नंतर काही गावांत सवर्ण शेतकरीही यायला लागले, त्यांच्याच शेतावरचा मजूर दारू सोडून पोराला शाळेत घालतोय हे बघून. शंकासुर, तुमचा उरलेला खडा तुमच्याकडेच राहू द्या, पण हे उलटं कसं झालं ते सांगा, शेतमालकाला कसलं आमिष?

शंकासुर

विचार करून सांगतो. (ही पळवाट आहे हे मान्य.)

गोदाकाठचा

जायचं झाल्यास कसं जावं? नांदेडहून सिकंदराबाद, पुढे?

मिरचीवाला

सिकंदराबादहून विजयवाड्याकडे काजीपेटमार्गे जाणाऱ्या गाड्या बघा, सगळ्या डोर्नकलला थांबत नाहीत, आधी तपासा. नाहीतर खम्ममला उतरा, तिथून फार लांब नाही. फेब्रुवारीच्या पुढे जाऊ नका, ऊन मिरचीपेक्षा तिखट. तेलुगू_सासर ताई, सासूबाईंच्या मडक्याचा फोटो टाका ना जमलं तर.

तेलुगू_सासर

आत्ताच फोनवर विचारलं. मडकं कधीच फुटलं, आता प्लास्टिकची बरणी आहे, निळ्या झाकणाची. तांदूळ अजून चर्चला नेता का विचारलं तर म्हणाल्या आता कुठे गं, पाळक मोबाइलवर पैसे घेतात, तांदूळ सांभाळायला त्यांच्याकडे जागा नाही. पण हाताला सवय आहे, मूठ निघतेच. मग त्या मुठीचं काय करता? म्हणाल्या, चिमण्यांना घालते.